गिधाडकड्याची सहल

आमच्या हेडमास्तरांना दुर्बीण मिळाली आणि शाळेचं वाटोळं झालं. मिलिटरीतून सुटून आलेल्या मेहुण्याने ती त्यांना दिली होती. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा ती त्यांच्या गळ्यात असे, आणि मधल्या सुट्टीत ते पटांगणात उभे राहून सातपुडा बघत बसत. सोनाळ्याहून सातपुडा इतका जवळ दिसतो, की त्याला दुर्बीण कशाला लावायची हे गावकऱ्यांना कळत नसे. "गुरुजी, डोंगर कुठी पळून नाई चालला," असं एकाने त्यांना तोंडावर सांगितलं होतं. हेडमास्तर पुण्याकडचे, माणूस भला. ते हसले आणि पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी त्या शाळेत नवा मास्तर होतो. घर माझं धामणगाव बढ्याच्या बाजूला, एका खेड्यात. तिथे माझ्या बाबांकडे गावकीचं काम होतं. गावात कोणाचं ढोर मेलं की निरोप यायचा, बाबा दोर घेऊन जायचे, ढोर गावाबाहेरच्या माळावर ओढून न्यायचे, तिथे त्याचं कातडं सोलायचे. त्याबद्दल वर्षाला बलुतं म्हणून जवारी मिळे आणि रोजच्या रोज अपमान मिळे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली आमच्या अख्ख्या वस्तीने हे काम सोडलं. मला नोकरीचा कागद आला त्या दिवशी बाबांनी मला समोर बसवलं.

"मास्तर झाला, लई चांगलं झालं. पन एक ध्यानात ठेव. मेल्या ढोराच्या दोराले हात लावाचा नाई. कोनी पाया पडो, नाई तं सोन्याचा दोर आनो."

मी हो म्हणालो. आमच्या घरी शपथा घालायची पद्धत नव्हती. शब्द दिला की संपलं.

पण गिधाडं मला आवडायची, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. लहानपणी बाबांच्या मागे माळावर जायचो तेव्हा आभाळातून एकामागून एक उतरणारी ती धुडं मी तोंड उघडं टाकून बघायचो. जमिनीवर ती वेड्यासारखी उड्या मारत चालतात, भांडतात, पण एकदा वर गेली की पंख हलवायचंसुद्धा नाव नाही. लोक त्यांना अभद्र म्हणतात. गावाची सगळी घाण निमूट साफ करणाऱ्याला अभद्र म्हणायची आपल्याकडे जुनीच रीत आहे.

एकदा मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला विचारलं, "काय हो, लाल डोक्याचं राजगिधाड खरंच असतं का?" आणि माझी जीभ सैल सुटली. असतं, थव्यात फारसं राहत नाही, एकटं नाहीतर जोडीने येतं, बाकीची त्याला वाट देतात, सगळं सांगून टाकलं. झालं! हेडमास्तरांनी त्याच आठवड्यात सहल ठरवली.

वाटाड्या मिळाला तो बाजाराच्या दिवशी. डोंगराच्या पायथ्याशी शेत असलेले एक आबा वांगी-मिरच्या विकायला सोनाळ्याला यायचे. गिधाडांचा कडा त्यांना पाठ होता. "माघात चला, घरट्यात पिल्लं दिसतीन," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सहज गाव विचारलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. "असं असं," ते म्हणाले आणि मिरच्या मोजू लागले. आडनाव विचारणारा माणूस "असं असं" म्हणाला, की त्याला हवं ते कळलेलं असतं.

माघातल्या एका रविवारी आम्ही निघालो. हेडमास्तर, त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, आणि मी. वहिनींनी धपाटे, ठेचा आणि दह्याचं गाडगं घेतलं होतं. मी पहिल्या पगारातून शिवलेला टेरिलीनचा शर्ट घातला होता. डोंगरात टेरिलीन कोण घालतं? पण सहल म्हणजे काय असतं ते मलाही नवीनच होतं.

आबांच्या खळ्यात पोचलो तेव्हा आबा गोठ्यासमोर काठी घेऊन बसले होते. डोळे लाल, सुजलेले. पुढ्यात एक पांढरा बैल आडवा पडला होता, अंगावर घरातली वाकळ पांघरलेली. जोडीतला दुसरा बैल खुंट्याला उभा होता आणि चाऱ्याला तोंड लावत नव्हता.

"काल सांजीले गेला," आबा म्हणाले. "रातभर कुत्रे हाकलून राह्यलो."

हेडमास्तर "अरेरे" म्हणाले. वहिनींनी टोपली खाली ठेवली. आबा उठले ते हेडमास्तरांकडे न जाता थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी हात जोडले. तेव्हा मला ते दिसलं. ओट्यावर नवाकोरा दोर गुंडाळून ठेवला होता, त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. शेजारी सूप भरून जवारी, वर गुळाचा खडा.

"मास्तर, तुमी आले, लई बरं झालं. गावातल्या तुमच्या लोकायनं तं सोडलं थे काम. मी म्हनलं, सकाळी मास्तर येऊनच राह्यले. गिधाडायचंबी होऊन जाईन अन याचंबी. हे सूप तुमचं. कातडंबी तुमचंच."

त्यांनी शिवी दिली असती तर उत्तर सोपं होतं. पण हा माणूस मला मान देत होता. जुन्या रीतीतला, त्याला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा मान. माझ्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या.

"आबा, हे गुरुजी आहेत हो," हेडमास्तर चाचरत म्हणाले. "सातवीला शिकवतात."

"हाव ना, म्हनून तं! शिकल्या-सवरल्या मानसाच्या हातानं गेला तं पुन्याईच लागंन त्याले."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"मी ओढणार नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

त्या 'काऊन'मध्ये जरासुद्धा खोट नव्हती. नळाला पाणी का नाही असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. आणि माझा तोल गेला. शाळेत मी पुस्तकातली मराठी बोलायचो, हेडमास्तरांसमोर तर फारच जपून. ती सगळी कुठल्या कुठे गेली.

"काऊन म्हंजे? ढोर तुमचं, दोर तुमचा, अन हात माहे काऊन?"

खुंट्याचा बैलसुद्धा दचकला. आबा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंग ओढाचं कोनं?"

"तुमी."

"मी? ज्यानं याच्या मानेवर जू ठेवलं त्यानंच दोर लावाचा काय? मालक मेल्या ढोराले शिवत नाई, मास्तर. बाप नाई शिवला, आजा नाई शिवला." आणि ते बैलाच्या शिंगापाशी मटकन बसले. "पडून राहू देऊ काय याले? आज राती कुत्रे नाई आयकनार माहं."

ते रडू लागले. म्हातारा माणूस दिवसाढवळ्या, पाहुण्यांसमोर, नाक न पुसता रडत होता. मला राग आलेला होताच, तो गेला नव्हता. पण त्यांची दयाही आली. दोन्ही एकाच वेळी झालं, ते मी नाकारणार नाही. हेडमास्तर माझ्या कानाशी लागले, "चला, आपण परत जाऊ. उगाच तुम्हाला त्रास." परत जाणं सोपं होतं. बैल तिथेच राहिला असता, आबा तिथेच राहिले असते, आणि एक मास्तर उलटून बोलला एवढंच गावात उरलं असतं.

मी आबांसमोर उकिडवा बसलो.

"आबा, घरचं मानूस गेलं तं खांदा कोन देते?"

"घरचेच."

"मंग हा घरचा नाई काय? पोळ्याले याच्या पाया पडता, पुरनपोळी चारता. आखरीच्या दिवशीच परका कसा झाला हा?"

 आबांनी बैलाच्या शिंगावरून हात फिरवला, मग कपाळावरून.  खळ्याच्या तोंडाशी त्यांचा थोरला मुलगा येऊन उभा होता. शेवटी आबा उठले, ओट्यावरचा दोर त्यांनी उचलला आणि तो हातात धरून माझ्याकडे वळले.

"कसा बांधाचा थे तं सांगा. मले नाई येत."

सांगणं म्हणजे हात लावणं होतं का? क्षणभर मी बाबांना दिलेला शब्द सगळ्या बाजूंनी तपासला. त्यात सांगू नको असं कुठे नव्हतं. आणि शिकवणं तर माझं कामच होतं, त्याचाच पगार मिळत होता.

मग मी शिकवलं. मागचे दोन्ही पाय जोडून बांधा. गाठ वरच्या बाजूला घ्या, नाहीतर दगडाला घासून दोर तुटतो. पळसाच्या फांद्या तोडून खाली सरकवा, म्हणजे अंग सोलवटणार नाही. हिसके देऊ नका, सगळ्यांनी एकदम वजन टाका. बाबांचे शब्द जसेच्या तसे माझ्या तोंडातून येत होते. ते मी कधी पाठ केले असतील, मला माहीत नाही. आबांनी एकदा गाठ चुकवली तर मी सातवीतल्या पोराला सांगावं तसं "सोडा, परत बांधा" म्हणालो, आणि त्यांनी सोडून परत बांधली.

आबा आणि मुलगा दोघांना बैल हलेना. तेव्हा हेडमास्तरांनी कोट काढला, दुर्बीण वहिनींच्या गळ्यात घातली आणि काळ्या टोपीसकट दोराला हात घातला. त्यांनी जन्मात विहिरीच्या पोहऱ्याखेरीज काही ओढलेलं नसावं. डोळे मिटून, दात आवळून ते मागे रेलले.

"अहो, ओढताय की नुसतेच दोर धरून उभे आहात?" वहिनी म्हणाल्या.

"ओढतोय!"

"मग श्वास तरी घ्या!"

मुलाला हसू फुटलं, आबांनासुद्धा रडता रडता फुटलं, आणि त्या हसण्यातच बैल हलला.

नाल्यापर्यंत उतार होता, तोवर बरं चाललं. नाल्यात मात्र बैलाचं अंग एका दगडाला अडकलं आणि जोर लावताना आबांचा पाय घसरला. गुडघ्यावर पडले. दोर त्यांच्या हातातून सुटून माझ्या पायाशी आला. माझा हात आपसूक पुढे गेला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय हातात असते की काय कोण जाणे. दोराच्या वर वीतभर अंतरावर तो थांबला. मग तो मी तसाच पुढे नेला आणि आबांच्या दंडाला धरलं. आबांनीही माझा दंड घट्ट धरला. उठून उभं राहिल्यावरसुद्धा त्यांनी तो जरा वेळ सोडला नाही. वहिनींनी दोर उचलून त्यांच्या हातात दिला, आणि तिघांनी पुन्हा वजन टाकलं.

कड्याच्या समोर एक सपाट खडक होता, तिथे बैल ठेवला. आबांनी बैलाच्या पायांची गाठ सोडली, वाकळ काढून घेतली आणि घडी करून खांद्यावर टाकली. मुलाला घरी पाठवलं. हेडमास्तर म्हणाले, "आबा, तुम्ही पण जा. आम्ही बघू." आबांनी मान हलवली.

"कडा दाखवतो म्हनलं होतं. बोललं थे करा लागते."

समोरच्या टेकडीवरच्या कपारीत त्यांनी आम्हाला नेऊन बसवलं. तिथून अख्खा कडा डोळ्यांसमोर होता. खडकाच्या खाचाखाचांतून चुन्यासारखे पांढरे ओघळ आले होते, आणि प्रत्येक खाचेत एक एक घरटं. हेडमास्तर दुर्बीण सोडेनात. "पिल्लू आहे! वहिनी, पिल्लू आहे!" ते स्वतःच्याच बायकोला वहिनी म्हणाले, इतके हरखले होते.

खाली खडकावर मात्र अजून काही नव्हतं. आधी कावळे आले. मग उन्हं तापली तसं कड्यावरून एक गिधाड सुटलं, दुसरं सुटलं, आणि बघता बघता आभाळात चाकंच चाकं फिरू लागली. एकेक करून ती उतरली आणि बैलाभोवती रिंगण धरून बसली. बसूनच राहिली. आम्ही धपाटे खाल्ले, दही संपवलं, तरी ती बसलेलीच.

"का हो? खात का नाहीत?" हेडमास्तरांनी विचारलं.

मला कारण ठाऊक होतं आणि ते सांगावंसं वाटत नव्हतं. आमच्याकडे ढोर माळावर जायचं ते सोललं जायचं. या बैलाचं कातडं अंगावर होतं, आणि तरण्याताठ्या बैलाचं कातडं साध्या गिधाडाला लवकर फाडता येत नाही. मी सांगितलं. आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि आता चाकू कोण धरणार हा प्रश्न त्या कपारीत येऊन बसला.  दोराचं निभावलं. याचं काय सांगू? हे मी कोणाला शिकवणारसुद्धा नव्हतो.

"राजगिधाड आलं तर उघडेल ते," मी म्हणालो. "त्याची चोच जबर असते."

"आणि नाही आलं तर?"

 मी आभाळाकडे बघत राहिलो. जन्मात मी कशाची इतकी वाट बघितली नसेल. हेडमास्तरांना ते बघायचं होतं म्हणून नव्हे. आबा पुन्हा हात जोडतील आणि मला पुन्हा नाही म्हणावं लागेल, ते मला नको होतं.

राजगिधाड आलं ते दुपार कलल्यावर. एकटंच. काळंभोर अंग, पंखांखाली मांड्यांपाशी पांढरा ठिपका, आणि डोकं लाल, सोललेल्या बिटासारखं लाल. उतरलं, चार पावलं चाललं आणि रिंगणातली दोन गिधाडं बाजूला सरकली.  हेडमास्तरांनी दुर्बीण गळ्यातून काढून आबांच्या हातात दिली. माझ्या मते त्यांनी आयुष्यात केलेली ती सगळ्यात मोठी गोष्ट होती.

आबांनी दुर्बीण लावली आणि लगेच खाली केली. मग नुसत्या डोळ्यांनीच बघितलं. राजगिधाडाने पहिली ओढ दिली तेव्हा ते उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि ते मोठ्याने म्हणाले, "जाय बापा, जाय." वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटलंच, पण माझेही डोळे भरून आले.

उतरताना आबा माझ्याबरोबर चालत होते. खळ्यात आल्यावर त्यांनी ओट्यावरचं सूप उचललं, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि ती जवारी खुंट्याच्या बैलापुढे ओतली.

पुढच्या सुट्टीला मी घरी गेलो. सगळं सांगितलं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी मला थांबवलं.

"दोर कोनं धरला म्हनलं?"

"मालकानं."

"मालकानं सोता?"

मला तेवढं पुन्हा सांगावं लागलं. आबा रडत होते तेही सांगावं लागलं.  बाबा म्हणाले, "उभ्या जलमात एक मालक संगं नाई आला. दोर हातात टाकत अन घरात जात. ढोर आमी ओढलं, अन रडलोबी आमीच. आमाले का माहीत नव्हते थे बैल? आमीच तं चाराले नेत होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. जिथे तो असायला हवा होता तिथे तो नव्हता, आणि म्हणून मला फार वाईट वाटलं.

"अन तुमी काय केलं तिथं दिवसभर?"

"काही नाही. धपाटे खाल्ले. पाहिलं."

"नुसतं पाह्यलं?"

"नुसतं."

बाबा हसले. "मी तं गिधाडं हाकलतच राह्यलो. कातडं खराब होते म्हनून. एका हातात काठी, एका हातात सुरी. पाह्याले सवडच नाई भेटली." मग ते म्हणाले, "मलेबी ने एकडाव."

"नेतो ना. हेडमास्तरांना सांगतो, दुर्बीण मागून घेतो."

ते तेवढ्यावर खूश झाले, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी आली, मी पाय पायरीवर ठेवला, तेव्हा त्यांनी माझी बाही ओढली आणि आजूबाजूच्या माणसांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

"अन मंग, तिथं जायाले काय घालून जा लागते?"

 कंडक्टर घंटी मारत होता.

"धुतलेलं धोतर घाला, बाबा," मी म्हणालो. "पांढरं."